सोना जोबार्तेह आणि कोरा : घरातली विद्या शाळेत जाते तेव्हा

पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाच्या दक्षिण टोकाला, सेनेगलच्या सीमेलगत, समुद्रकाठी कार्तोंग नावाचं गाव आहे. २०१५ च्या सुमारास तिथे 'द गाम्बिया अकॅडमी' सुरू झाली. नेहमीच्या शालेय विषयांच्या बरोबरीने तिथे कोरा (भोपळ्याचं एकवीस तारांचं वाद्य), बालाफोन (लाकडी पट्ट्यांवर आघात करून वाजवायचं वाद्य), ढोल आणि नृत्य शिकवलं जातं. कोरा शिकण्यासाठी तिथे विशिष्ट घराण्यात जन्म झालेला असावा लागत नाही. आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, कारण आपल्याकडे सतारीचे क्लास गल्लोगल्ली असतात. पण कोराच्या बाबतीत हे पाऊल फार मोठं आहे, आणि ते उचलणारी कोरावादक-गायिका सोना जोबार्तेह ही स्वतः ज्या वाटेने कोरा शिकली ती वाट त्याहून विलक्षण आहे. हे प्रकरण तिच्या शिकण्याचं आहे. तिच्या कीर्तीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. ती शिकली कशी, याकडे मात्र फारसं कुणी थांबून बघत नाही.

कोरा कुणाचा

गाम्बिया, सेनेगलचा कासामान्स प्रदेश, गिनी-बिसाऊ, गिनी आणि माली या पट्ट्यात मान्दिन्का आणि त्यांचे भाऊबंद समाज राहतात. त्यांच्यात जाली म्हणजे वंशपरंपरेने कला सांभाळणारी घराणी असतात. सरदारांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या, बारशाला नि लग्नाला स्तुती गायची, जुन्या लढायांच्या कथा सांगायच्या, दोन घरांत वितुष्ट आलं तर मध्यस्थी करायची, ही त्यांची कामं. फ्रेंचांमुळे बाहेरचं जग त्यांना 'ग्रियो' म्हणून ओळखतं. कुयाते, सुसो, कोंते, सिसोको, जोबार्तेह ही त्यांची आडनावं. मालीत ज्याला दियाबाते म्हणतात तेच आडनाव गाम्बियात जोबार्तेह होतं. आडनाव ऐकलं की माणूस काय काम करतो हे समोरच्याला कळायचं.

कोरा या घराण्यांचा, आणि घराण्यांतही पुरुषांचा. जाली घरातल्या मुली लहानपणापासून गायला शिकत. मोठमोठ्या गायिका याच घरांतून आल्या आणि आजही येतात. साथीला त्या लोखंडी नळीसारखी घंटा वाजवत. कोराच्या अंगावर काठीने ठेका धरून नवऱ्याला किंवा भावाला साथ देणं हेही त्यांच्याकडे असे. म्हणजे कोराच्या अगदी शेजारी बसून, सगळं ऐकून, सगळी गाणी पाठ असूनही तारांना हात लावायचा नाही, अशी ती रीत होती.

परंपरा सांगते की पहिला कोरावादक जाली मादी वुलेंग, आणि त्याला हे वाद्य एका जिन्नाकडून मिळालं. इतिहासाच्या अंगाने बघितलं तर कोरा काबू राज्याच्या भागातला, म्हणजे आजच्या गिनी-बिसाऊ, कासामान्स आणि गाम्बियाच्या आसपासचा. मुंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९५ ते १७९७ या काळात तिथे फिरला. १७९९ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात अठरा तारांच्या मोठ्या 'कोरो'चा उल्लेख आहे. तेराव्या शतकातल्या माली साम्राज्याच्या कथा कोरावर गायल्या जातात म्हणून वाद्यही तितकंच जुनं असावं असं वाटतं, पण तसा पुरावा नाही.

हातांना काय शिकावं लागतं

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण वाद्याची रचना समजल्याशिवाय शिकण्यातली अडचण कळत नाही.

मोठ्या कडू भोपळ्याचे दोन भाग करतात. त्यातल्या एका भागावर गाईचं कातडं ओलं असताना ताणून बसवतात आणि वाळू देतात. भोपळ्यातून आरपार एक लांब, गोल लाकडी दांडा जातो. मिरजेत तंबोरे आणि सतारी ज्या भोपळ्याच्या होतात, त्याच जातीच्या वेलाचा हा भोपळा. फक्त मिरजेत त्यावर लाकडी तबली बसते, इथे चामडं. चामड्यावर वीतभर उंचीची घोडी उभी राहते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. तिच्या दोन्ही कडांना खाचा असतात, आणि त्यांतून तारा दोन रांगांत जातात: डावीकडे अकरा, उजवीकडे दहा. पूर्वी या तारा चामड्याच्या वळलेल्या वाद्या असत. आता मासेमारीची नायलॉनची दोरी वापरतात. दांड्यावर प्रत्येक तारेसाठी वेणी घातल्यासारखं चामड्याचं कडं असतं, त्याला कोन्सो म्हणतात. सूर लावायचा म्हणजे हे कडं मनगटाच्या जोराने वर किंवा खाली सरकवायचं. एकवीस तारा, एकवीस कडी. नवशिक्याचे तळवे सोलून निघतात ते इथेच.

वादक वाद्याचं तोंड स्वतःकडे करून बसतो. चामड्यातून वर आलेल्या दोन दांडक्या तो दोन्ही हातांच्या मधल्या, अनामिका आणि करंगळी या बोटांनी धरतो. तारा छेडायला उरतात दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. चार बोटांत खर्ज, मधली वळणं आणि वरची धावती सुरावट असं सगळं वाजवायचं.

खरी गंमत तारांच्या क्रमात आहे. सर्वांत खालचा सा डावीकडे. त्याच्यापाठोपाठ प, ध, नि हेही डावीकडेच. त्यानंतर मात्र सूर एकाआड एक बाजूंना जातात: सा उजवीकडे, रे डावीकडे, ग उजवीकडे, म डावीकडे, प उजवीकडे, ध डावीकडे, नि उजवीकडे. सप्तकात सूर सात, म्हणजे विषम. त्यामुळे पुढचा सा येतो तो डावीकडे. मग रे उजवीकडे, ग डावीकडे, आणि त्याच्यावरचा सा पुन्हा उजवीकडे. अगदी वरचे सा, रे, ग तिन्ही उजव्या रांगेतच राहतात. जवळजवळ कुठलीही जागा एका सप्तकात हाताला बसली तरी पुढच्या सप्तकात तीच जागा हात बदलून वाजवावी लागते. सतारीवर किंवा पेटीवर एखादी तान वरच्या सप्तकात नेताना बोटांची चाल साधारण तीच राहते. इथे तसं नाही. बोटांना पाठ झालेलं निम्मंच कामाला येतं, उरलेलं काम कानाने करावं लागतं. कोरा शिकणं म्हणजे आधी ऐकणं, या जुन्या रीतीच्या मुळाशी मला वाद्याची ही रचनाच दिसते.

जुळणीच्या चार मुख्य तऱ्हा: सिलाबा (हिलाच तोमोरा बा म्हणतात), सौता, हार्दिनो आणि तोमोरा मेसेंगो. सौतामध्ये मध्यम चढा असतो, आपल्या कानाला कल्याण थाट आठवतो. पण ही तुलना फार ताणू नये. स्वरांमधली अंतरं पियानोच्या मापाची नसतात, आपल्या मापाचीही नसतात, आणि दोन जालींची सिलाबासुद्धा तंतोतंत एकसारखी असेल असं नाही. जुन्या कोराच्या घोडीला पातळ पत्रा आणि त्यात तारेची छोटी वेटोळी लावलेली असत, म्हणजे प्रत्येक आघाताबरोबर झणझण उठायची. तंबोऱ्याच्या जवारीची सवय असलेल्या कानाला हा आवाज लगेच आपलासा वाटतो. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत मात्र तो नकोसा ठरला, आणि पुष्कळ वादकांनी तो पत्रा काढून टाकला. मला हे नुकसान वाटतं.

जुनी तालीम

शिकणाऱ्याला पहिल्यांदा बहुधा 'केलेफाबा' ही रचना मिळते. केलेफा साने या योद्ध्याच्या नावाची ही रचना, आणि कोराच्या उगमाची कथाही त्याच्याशीच जोडलेली. म्हणजे पहिल्याच धड्यात बोटांना वळण लागतं आणि वाद्याची गोष्टही कळते.

रचनेचे दोन मुख्य अंश असतात. कुम्बेंगो म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणारं आवर्तन, आणि बिरिमिंटिंगो म्हणजे मधूनच वरून खाली कोसळत येणारी वेगवान लड. गाण्याची ठरलेली चाल आणि स्तुतीचं मोकळं पठण हे त्यावर चढतं. नवशिक्या आधी ठेका धरतो, मग कुम्बेंगो धरतो, आणि मग तोच कुम्बेंगो तासन् तास वाजवत बसतो. त्याच्या कुम्बेंगोवर गुरू आपलं वाजवतो. शिष्याला वाटतं आपण साथ करतोय. प्रत्यक्षात गुरूचं सगळं त्याच्या कानात साठत असतं. बिरिमिंटिंगो असा वेगळा काढून कुणी शिकवत नाही. पुष्कळदा मुलाला वडिलांऐवजी काकाकडे किंवा दुसऱ्या जालीकडे ठेवत. तिथे शेतातली, घरातली कामं करायची आणि उरलेल्या वेळात वाद्य.

काही घरांत तर एवढंही शिकवणं नसे. मालीचा तुमानी दियाबाते (१९६५–२०२४) हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कोराचा सर्वांत मोठा वादक. त्याचे वडील सिदिकी दियाबाते हेही त्यांच्या काळातले अव्वल वादक, गाम्बियातून मालीत गेलेले. पण वडिलांनी आपल्याला समोर बसवून शिकवलं नाही, आपण ऐकून आणि ध्वनिमुद्रणांवरून शिकलो, असं तुमानी सांगत असे. १९७० साली सिदिकी आणि जेलिमादी सिसोको यांच्या कोरावादनाची एक मोठी तबकडी निघाली. तुमानी आणि जेलिमादींचा मुलगा बालाके यांनी पुढे त्याच वारशावर दोन कोरांचं वादन केलं आणि १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. मुलांनी बापांकडून काय घेतलं आणि काय सोडलं हे ऐकूनच कळतं.

लंडनमधली मुलगी

सोनाचा जन्म १९८३ चा, लंडनचा. आई इंग्लिश, वडील सान्जाली जोबार्तेह गाम्बियाचे कोरावादक. आजोबा अमादू बान्सांग जोबार्तेह हे गाम्बियातल्या थोर कोरावादकांपैकी. तुमानी नात्याने चुलतभाऊ लागतो. आडनाव असं असूनही ती वाढली लंडनमध्ये, म्हणजे घराण्यात जन्म आणि घराबाहेर वाढ.

कोरा तिच्या हातात आला तो अगदी लहानपणी, तीन-चार वर्षांची असताना. शिकवणारा भाऊ टुंडे जेगेडे. तो स्वतः कोरा आणि चेलो दोन्ही वाजवणारा. त्याच्याबरोबर लहानपणी तिच्या गाम्बियाला फेऱ्या झाल्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती चेलो, पियानो आणि हार्पसिकॉर्ड शिकली, पर्सेल स्कूलमध्ये रचनाशास्त्र शिकली. मोठी झाल्यावर वडिलांकडे कोराची रीतसर तालीम घेतली.

या क्रमाकडे नीट बघायला हवं. भावाचा हात, मग नोटेशनची शाळा, मग वडील. जुन्या रीतीतला जाली मुलगा हे सगळं एकाच अंगणात, एकाच भाषेत, कुणी सांगितल्याशिवाय घेतो. सोनाला ते तुकड्यातुकड्यांनी मिळालं, आणि प्रत्येक तुकडा मागून घ्यावा लागला. वडिलांकडे जाऊन पुन्हा शिकणं हा निर्णय मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या उत्तम संस्थांतून तयार झालेली वादक कोरा हे आणखी एक वाद्य म्हणून आपल्या संगीतात सहज वापरू शकली असती. तसे प्रयोग करणारे पुष्कळ आहेत. तिने कुम्बेंगोपासून घराण्याचा हात घेतला. २०११ मध्ये आलेला तिचा 'फासिया' हा अल्बम मान्दिन्का भाषेत आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या, इंग्रजीत मोठा श्रोतृवर्ग मिळवू शकणाऱ्या गायिकेने हे ठरवलं, आणि गाम्बियातल्या श्रोत्यांनी तिला आपली मानली त्यात या निर्णयाचा वाटा मोठा असणार. २०१५ मध्ये गाम्बियाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिने देशाच्याच नावाचं गाणं केलं, आणि ते घराघरांत पोचलं. २०२२ मध्ये 'बादिन्या कुमू' आला.

जाली परंपरेत बायका गायच्या आणि पुरुष वाजवायचे. सोना एकाच वेळी दोन्ही करते. चार बोटं दोन्ही रांगांवर चालू असताना गळ्याने वेगळी लय धरायची असते. कुम्बेंगो हातात इतका मुरलेला हवा की तो चालू आहे याची आठवणसुद्धा राहू नये. तिचं थेट वादन बघताना मी नेहमी डाव्या अंगठ्याकडे बघतो. गाण्यातल्या लांबच्या लांब ओळीखाली तो खर्ज सोडत नाही.

दोन वेगवेगळ्या भिंती

वर्तमानपत्रं तिला 'पहिली स्त्री कोरावादक' म्हणतात. हे अर्धवट आहे. जाली घराण्यातून आलेली पहिली व्यावसायिक स्त्री कोरावादक, असं म्हणायला हवं. मालीत मदिना एनजाय यांनीही कोरा हाती घेतला. त्या जाली घराण्यातल्या नाहीत. म्हणजे त्यांच्यासमोर भिंती दोन होत्या, जन्माची आणि बाईपणाची. सोनासमोर बाईपणाचीच होती. जन्माची तिच्या आजोबांनीच बांधून दिलेली, आणि ती तिच्या मागे उभी.

हा फरक लक्षात घेतला की शाळेचं मोल कळतं. स्वतःपुरती भिंत ओलांडून तिला थांबता आलं असतं. घराण्याचं नाव तिच्याकडे होतं, जगभर कार्यक्रम होत होते. पण तिने शाळा काढून दुसऱ्या भिंतीला हात घातला, जी तिच्या स्वतःच्या फायद्याची होती. बंद घराण्याची विद्या जितकी बंद, तितकं घराण्यातल्या माणसाचं मोल अधिक. ते मोल तिने आपणहून कमी केलं, आणि यासाठी मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

याची सुरुवात आजोबांच्या पिढीत झाली होती, हेही सांगायला हवं. अमादू बान्सांग १९८० च्या दशकाच्या अखेरीस सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात पाहुणे कलाकार म्हणून होते आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कोरा शिकवला. परदेशी माणसाला शिकवण्यात जालींनी तसा आडपडदा ठेवला नाही. शेजारच्या घरातल्या, पण दुसऱ्या आडनावाच्या मुलीला शिकवणं मात्र वेगळं. परदेशी विद्यार्थी शिकून निघून जातो. शेजारची मुलगी उद्या त्याच गावात बारशाला वाजवायला उभी राहू शकते.

शाळा घराचं काम करेल का

कोराला घराबाहेर काढण्याचा याआधीचा एक मोठा प्रयत्न सेनेगलमध्ये झाला. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठातून आलेल्या बेनेडिक्टाइन साधूंनी डाकारजवळ कर मुसा इथे मठ स्थापला. १९६३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे ब्रदर दोमिनिक काता यांनी उपासनेच्या संगीतात कोरा आणला. मठाच्या कारखान्यात कोरा बनू लागले, चामड्याच्या कड्यांच्या जागी खुंट्या आल्या, स्वरलेखन झालं, शिकण्यासाठी पद्धतशीर धडे तयार झाले. आज जगात कुठेही बसून कोरा शिकणाऱ्याला खुंट्यांचं वाद्य आणि कागदावरचे धडे मिळतात त्यात या मठाचा वाटा आहे. तळवे सोलत नाहीत, सूर पटकन लागतो, इतर वाद्यांबरोबर जुळवून घेता येतं. पण धड्यांतून येतात ते सूर आणि बोटं. केलेफा साने कोण होता, त्याची स्तुती कुणासमोर करायची आणि कुणासमोर टाळायची, हे कागदावर येत नाही.

कार्तोंगच्या शाळेची मांडणी मला म्हणूनच विचारपूर्वक केलेली वाटते. सोनाने निव्वळ संगीताची शाळा काढली नाही. गणित-भाषा आणि कोरा-बालाफोन-नृत्य एकाच छताखाली आणले, कारण आफ्रिकेतल्या मुलांचं शिक्षण वसाहतकाळातून आलेल्या अभ्यासक्रमावरच उभं राहू नये, स्वतःच्या परंपरेच्या पायावर उभं राहावं, असं ती सातत्याने मांडत आली आहे. शिकण्याच्या अंगाने बघता याचा आणखी एक फायदा आहे. जाली घरातल्या मुलाला मुख्य लाभ होतो तो दिवसभर कानावर पडणाऱ्या कोराचा. आठवड्यातून एकदा तासभर क्लासला जाणाऱ्या मुलाला तो कधीच मिळणार नाही. शेजारच्या वर्गात कुणी कुम्बेंगो फिरवत असताना इकडे भागाकार करणाऱ्या मुलाला तो थोडाफार मिळू शकतो. कोरासारख्या वाद्याला, जिथे एक सप्तक शिकलेला हात पुढच्या सप्तकात उपयोगी पडत नाही, हे कान भरणं फार मोलाचं.

तरी घर आणि शाळा यांत एक अंतर राहतंच. घरातला शिष्य गुरूबरोबर बारशाला जातो, लग्नाला जातो, यजमानाच्या आजोबांचं नाव गुरूने कुठे घेतलं आणि त्यावर यजमानाचा हात खिशाकडे कसा गेला हे बघतो. कोराच्या भोपळ्याला बाजूला गोल भोक असतं. आवाज त्यातून बाहेर पडतो आणि मिळालेली बिदागीही त्यातूनच आत जाते. हा सगळा व्यवहार वादनाचाच भाग आहे. कुठला कुम्बेंगो किती वेळ धरायचा, बिरिमिंटिंगो कधी टाकायचा, हे समोर बसलेल्या माणसावर ठरतं, आणि तो माणूस वर्गात नसतो.

म्हणून या प्रकरणात पुढे बघण्यासारखी गोष्ट मला एकच दिसते. शाळेतून चांगली वाजवणारी मुलं-मुली तयार होतील, त्यातली काही व्यासपीठावरही दिसतील, याबद्दल मला शंका नाही. पण जाली आडनाव नसलेली एखादी मुलगी कार्तोंगहून शिकून आपल्या गावी गेली आणि कुणाच्या बारशाला कोरा घेऊन उभी राहिली, तर यजमान तिच्याकडून आपल्या वंशाची नावं ऐकून घेईल का, तिला जालीची बिदागी देईल का, आणि गावातला जाली तिच्या शेजारी बसून कुम्बेंगो धरेल का, हे त्या अंगणात ठरायचं आहे.